सेंट्रल लॉक

गाडी शहाण्णवची, एट हंड्रेड, पिस्ता रंगाची.
छोट्या ग्वालटोलीत माझ्या दुकानासमोर लागली तेव्हा
चालवत होती शेजारची कुणी मुलगी;
अष्टपुत्रे काका डाव्या सीटवर,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

म्हणाले, रिमोट बसवायचाय.
लांबून उघडेल, लांबून बंद होईल, असा.
आणि लांबून चालूसुद्धा होते म्हणे आजकाल?

फैजान हसला. भिया, इसको कौन ले जाएगा,
भंगारवाला भी दो बार सोचेगा.
मी त्याला चहा सांगायला पिटाळलं,
कारण तोवर मी दार बघितलं होतं.

कुलपाभोवती ओरखडे.
गोल, दाट, रंग जाऊन खालचा पत्रा दिसेपर्यंत,
कोंबडीने दाण्यासाठी अंगण उकरावं
आणि दाणा मात्र तिथेच राहावा, तसे.
चोराचे ओरखडे मी ओळखतो:
घाईचे असतात, आणि दोन-तीनच.
हे रोजचे होते.

चालू करायचं नको, म्हटलं.
हिला कार्ब्युरेटर आहे, काका,
थंडीत चोक ओढल्याशिवाय तोंड उघडत नाही,
आणि चुकून गिअरमध्ये राहिली
तर तुम्ही गॅलरीतून बटण दाबाल
नि ही समोरच्या भिंतीत जाऊन थांबेल.
ती भिंत बक्षींची आहे, काका म्हणाले,
चालेल.

चार दारं, चार मोटरी.
पॅनेलच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या,
सातातल्या पाच तुटल्या.
जुन्या सळीला नवी सळी जोडून स्क्रू आवळला,
खेचून पाहिलं: वर, खाली, वर.
बिजागरीतून वायर नेताना रबरी नळी घातली,
नाहीतर दाराच्या उघडमिटीत वर्षभरात कापते.
हे कुणी बघत नाही. मी बघतो.
सायरन किटमध्येच येतो;
त्याचा कान अगदी बारीक करून ठेवला,
ट्रक गेला म्हणून बोंबलू नये.

ड्रायव्हरच्या दारात खाली, काचेच्या फटीतून कधीतरी पडलेली,
रबरी टोपी सापडली, बोटात घालून नोटा मोजायची.
वाळून पत्र्याला चिकटली होती.
स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली, काकांना दिली.
सियागंज शाखा, ते म्हणाले.
हिच्यासाठी मी शिपायावर आळ घेतला होता.
मग बराच वेळ त्याचं नाव आठवत बसले.

संध्याकाळी रिमोट हातात दिला.
हात हलत होता, रिमोट हलत होता,
पण बटण मोठं, अंगठ्याला चुकायला जागाच नाही.
टुक.
चारी दारं एकदम. इंडिकेटरनं डोळे मिचकावले.
काका दोन पावलं मागे सरले. टुक.
पानवाल्यापर्यंत गेले, तिथून टुक.
रस्ता ओलांडला, एका लोडिंग रिक्षाने शिवी घातली,
तिकडून पुन्हा टुक.

परत येऊन विचारलं, सेल संपला तर?
मग किल्ली आहेच, काका.
बोलून गेलो नि जीभ चावली.
म्हणजे पुन्हा तेच, ते म्हणाले. रागाने नाही.
मी गल्ल्यातून दोन जादा सेल काढले, त्यांचे पैसे लावले नाहीत,
आणि झाकण कसं उघडायचं ते त्या मुलीला दाखवलं.

पैसे त्यांनी स्वतः मोजले.
टोपी न घालता, अंगठ्याने, खाली न बघता,
आणि तेवढा वेळ हात हलला नाही,
किंवा मला तसं वाटलं.
एक नोट जास्त निघाली होती, ती त्यांनीच पकडली.

रात्री शटर पाडलं.
अंधारात स्कूटरची किल्ली
बघायच्या आधीच आत गेली.
बाहेर काढली. पुन्हा घातली.
क्या हुआ उस्ताद, लॉक जाम है क्या?
नहीं, म्हटलं. बैठ.