टोक

सिरपूरच्या तलावातला एक थेंब काचपट्टीवर.
त्यात शेवाळाचा हिरवा गोळा,
पाच केस एकावर एक ठेवावेत एवढा खोल.
म्हणजे काहीच नाही. म्हणजे माझ्या भिंगाला
इंदूरातली कुठलीही आटलेली बावडी.

वरची पेशी रेखीव झाली की मधल्या विरघळतात,
मधल्या धराव्यात तर वरची धुक्यात जाते.
सतरा महिने हा स्क्रू फिरवतेय,
आत, बाहेर, अर्धा केस आत.
झडप बारीक केली तर दिसतं सगळंच,
पण जाडंभरडं, आणि तेही अंधारात.

म्हणून शंकू.
राऊ रस्त्यावरच्या शेडमध्ये मुकातीजींनी
चाकावर, पाण्यात, लाल पावडरीत
तीन आठवडे घासून दिला.
पाठ सपाट, समोर काचेचं शिखर,
इतकं बसकं की बोटाला चढ लागत नाही.

त्यातून गेलेला प्रकाश एका बिंदूशी थांबत नाही.
चहूकडून आत झुकतो, स्वतःला छेदतो,
थोडा पुढे जाऊन पुन्हा छेदतो,
आणि त्या छेदांची सुई होते,
लांब, नुसत्या उजेडाची.
वाटेत धुळीचा कण आला
तर कणामागे जराशी सावली, मग सुई परत अखंड.
मुद्दाम ठेवून पाहिला. तीनदा.

सुईभोवती वलयं आहेत,
अर्ध्याहून जास्त उजेड तीच खातात;
चित्रावर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी धरतं.
शिवाय सुई मध्येच थरथरते, जाड, बारीक, जाड.
टोक बोथट राहिलंय, मी फोनवर म्हणाले.
“नोक तो मरेगी, मॅडम. काँच है.”

शनिवारी ते स्वतः आले, शर्टाला तीच लाल पावडर.
पडद्यावर गोळा, सगळ्या पेशी एकदम स्पष्ट.
चष्म्याच्या वरच्या अर्ध्यातून पाहिलं,
मग मान उचलून खालच्या.
“इसमें नीचेवाला कौन?”

मी तोंड उघडलं. मिटलं.
सगळं दिसत होतं, आणि कोण वर, कोण तळाशी,
ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी सवयीने स्क्रू धरला,
हलकेच आत फिरवला, बाहेर फिरवला.
चित्र होतं तसंच.
हात मागे घेतला त्यांनी,
आणि बराच वेळ
आपलं बोट तपासत राहिले.