तळ

पहाटे पाचला तो उतारावर उभा होता,
माझ्या आधी.
गिऱ्हाईक आधी आलं की मला धडकी भरते,
एक तर फार हौशी, नाहीतर रात्रभर झोप नाही.
ल्युसियन उलेट, वय एक्याऐंशी.
दिवसाचे पैसे लेकीनं भरलेले, वाढदिवसाची भेट.
"मला मासे धरता येत नाहीत, पोरी," म्हणाला,
डॉक्टरला दुखणं सांगावं तसं.

होडी लोटली. अँड्रोस्कॉगिन अजून धुक्यात,
वल्ह्याचा आवाज आधी, वल्हं मागाहून.
थर्मामीटर बुडवला. बासष्ट फॅरनहाइट.
"आज लागतील," मी म्हटलं.
हे मी पन्नासलाही म्हणते.

फेकायला शिकवलं. मनगट नाही, कोपर.
घाई नाही, दोर मागं पूर्ण उलगडू दे.
पहिली फेक झाडात, दुसरी माझ्या टोपीत,
तिसरी कुठं गेली ते दोघांनाही कळलं नाही.
मग मीच एक काढून दाखवला, खडकाआडून.
लहान तोंडाचा बास म्हणतात याला;
नाव ठेवणाऱ्यानं तो आ वासलेला पाहिला नसावा.
ब्राँझचं अंग, काळसर उभे पट्टे,
डोळा लालभडक.
"रात्रपाळीवरून सुटलो की आमचे असेच असायचे,"
ल्युसियन म्हणाला.

मग कळलं. कागदाची गिरणी, वरच्या वळणावरची.
एकोणचाळीस वर्षं, रंगखात्यात.
"नदीकडं बघून गाव सांगायचं, आज कुठला कागद निघतोय.
सोमवारी हिरवी. गुरुवारी लाल.
ऑगस्टात फेस एवढा, की आमचं कुत्रं त्यात हरवलं.
भिंतींचा रंग पापुद्र्यांनी सुटायचा.
बायको म्हणायची, वास येतो.
मी म्हणायचो, पगाराचा आहे,
दार लावून घे."

मी वल्हवत राहिले.
माझा आजा त्याच गिरणीत, बापही त्याच गिरणीत.
त्यांना कधी काही विचारलं नाही,
याला काय विचारू?

बेटामागं पाणी संथ. होडी आपसूक थांबली.
छातीभर खोल, ऊन सरळ आत उतरलेलं.
खाली ताटाएवढी, नाही, परातीएवढी
गोल जागा, शेपटीनं झाडलेली,
खडा न् खडा धुतल्यासारखा,
आणि त्यावर नर. हलत नाही, जात नाही.
तीन पौंडांचा तरी.

नियम सांगायला मी तोंड उघडलं:
याला उचलला तर सूर्यमासे दोन मिनिटांत
अंडी फस्त करतात, तेव्हा इथं गळ नाही.
पण काठी त्यानं आधीच आडवी ठेवली होती
आणि काठावरून वाकून बघत होता,
टोपी पडेल इतका.

"तळ दिसतो," तो म्हणाला.
मला वाटलं, माशाचं काही बोलेल.
"जन्मलो इथंच. तळ कधी पाहिला नव्हता."

तिथं किती वेळ गेला ते लेकीला सांगितलं नाही मी,
तिनं पैसे मासे मिळवून द्यायचे दिलेत.
कॉफी गार झाली.
एक सूर्यमासा आला, नरानं हुसकला.
पुन्हा आला. पुन्हा हुसकला.
"याला बदली माणूस नाही वाटतं," ल्युसियन म्हणाला,
आणि बराच वेळ काहीच नाही.

दुपारी पुलाखाली एक लागला त्याला.
वीतभर,
पण उडी अशी, जणू नदीशी भांडण आहे.
हात ओला करून धरायचा, मी सांगितलं.
धरला. सोडला.
हात धुवायला बादली पुढं केली तर नको म्हणाला.
तळवा नाकाशी नेला,
एकदा, मग पुन्हा,
गाडीत बसेपर्यंत तसाच.

बक्षिसी वीस डॉलर, चार घड्यांची नोट.
घरी येऊन खिशातून काढली,
माशाचा वास येत होता.
गच्चीकडचं दार उघडं होतं, नदीकडचं.
लावलं नाही.