तुडूम

पोट फाडणार नाही म्हणाल्या,
तेव्हा मी डॉक्टरीणबाईंवर चिडले.
"काहून जी? माणूस जळून राहिला आतून!"

त्यांनी केसपेपरच्या पाठीवर
एक वाकडी शेंग काढली. स्वादुपिंड.
एवढं गोड नाव, आणि चाळिशी उलटेपर्यंत
मी ते ऐकलंही नव्हतं.
लाखोळीच्या दाण्याएवढा पित्ताचा खडा
नळीच्या तोंडाशी अडकला,
अन्न जिरवायचा रस
स्वतःचंच घर जिरवत सुटला.

खडा तोंडातून दुर्बीण घालून काढला.
पण मागं साचलेलं ते पाणी, ते मेलेलं मांस.
"आता हात घातला तर रक्त थांबणार नाही.
भिंत धरू द्या त्याला. थांबू."

थांबू.
एकशे तीन ताप, आणि थांबू.
नाकातून आतड्यात गेलेली नळी,
तिच्यातून थेंब थेंब जाणारं जेवण,
आणि वॉर्डाच्या खिडकीबाहेर नागपूर,
ज्याला आमची काही घाई नव्हती.

मनिराम चौदा वर्षं तलावाचा पाणकर.
फुटल्या ओठांनी तोच मला म्हणाला,
"पाळ फोडून तलाव रिता करते का कोणी?
तुडूम उघडतेत."

एकतिसाव्या दिवशी
मशीनमध्ये बघत बघत
डाव्या कुशीतून सुई गेली,
सुईमागून नळी, टोकाला वळलेली,
डुकराच्या शेपटासारखी.
पिशवीत जे उतरलं
त्याचा रंग सांगते, चहाच्या चोथ्याचा.
वास सांगत नाही.

लिहायला कागद नव्हता.
त्याच्या पिशवीत पाणीपाळीची वही होती,
तिच्यातच मांडत गेले:
सहाशे चाळीस.
चारशे दहा.
चारशे पस्तीस.
मग एका सकाळी तीस.
मी नर्सला साखर वाटायला निघाले,
डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.
नळी तुंबली होती.
रात्री पुन्हा थंडी वाजली त्याला, पलंग वाजेल इतकी.

जाड नळी घातली. मग त्याहून जाड.
मिठाचं पाणी आत ढकलायचं, परत ओढायचं,
हात धुऊन, बुडबुडा न जाऊ देता.
हे मला शिकवलं.
घरी आल्यावर सव्वा महिना
मीच त्याचं पाणी सोडत होते.

गावानं आधी टाके विचारले.
किती? कुठून कुठवर?
त्यानं सदरा वर केला,
कुशीत दोन रुपयाच्या नाण्याएवढा डाग.
झोड्यांची म्हातारी म्हणाली,
"एवढ्यासाठी दोन महिने?"
आणि निराश होऊन निघून गेली.

परवा तो काठी टेकत पाळीवर गेला.
साखर तपासायची असते आता, तेलकट बंद,
धाप लागली की बसायचं, तो बसत नाही.
वही उघडली, माझे आकडे दिसले.
बराच वेळ बोट फिरवत राहिला त्यांवरून.
मग विचारलं,
"हे कोणाच्या बांधीत गेलं?"