निव्वळ वजन

खाण बंद पडली, तेव्हा कंपनीने मला
पिळगावच्या वळणावर काटा राखायला ठेवलं.
चौदा वर्षं याच काट्यावर ट्रक तोलले:
आधी रिकामा, मग भरलेला,
वजाबाकी, सही, पावती.

आता पत्र्यांच्या फटीत दगडीपाला उगवलाय.
लांब, बारीक, केसाळ दांडे,
एका दांड्यावर एकच फूल.
मधे पिवळा ठिपका, भोवती पाच-सहा फिक्या पाकळ्या,
टोकाला कातरलेल्या,
जणू कुणी घाईत पावती फाडली.
फटीत माती कसली, नुसती तांबडी भुकटी.
तीच, जी धुऊनही शेवंतीच्या लुगड्यातून गेली नाही.

शेवंती माझी बायको.
ती या झाडाला कंबरमोडी म्हणते.
तिची स्वतःची कंबर
मळ्यात उतरलेला खाणीचा गाळ उपसताना गेली.

साखळीच्या कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन आली,
काट्यावर उकिडवी बसून पानं मोजली.
म्हणाली, काका, हे शेवंतीच्याच कुळातलं.
मी म्हटलं, मग घरी सांगायला हवं.
म्हणाली, मूळचं इथलं नाही हां, समुद्रापलीकडचं.
मी तिला काजूचं झाड दाखवलं.
त्याच्याखाली उभी राहून
बराच वेळ हसत होती.

परवा गंजका पत्रा अंगठ्यात शिरला.
पाला चुरगळून रस पिळला. झोंबलं.
रक्त थांबलं.
दुपारी उगाच बॅटरी जोडून यंत्र चालू केलं,
एक फूल खुडून मधोमध ठेवलं.
शून्य.
या यंत्राला वीस किलोंच्या आतलं काही कळत नाही.
मलाही
कळत नसे.

काल जीप आली.
खाण परत सुरू होणार, म्हणाले, दिवाळीनंतर.
काट्याला तेल घाल, रंग काढ,
आणि ते गवत आधी साफ कर, फळदेसाय.
हो म्हटलं.

सकाळी कोयता घेऊन आलो.
निम्म्या दांड्यांवर फुलं नव्हती,
पांढुरके गोंडे होते, म्हाताऱ्या सुटायच्या बेतात.
हवा पडलेली.
कोयता पायरीवर ठेवला,
विडी पेटवली, ती विझली, दुसरी पेटवली.

अकराच्या सुमाराला नदीकडून वारा आला.