दोन बोटं पाणी

कारखाना कसला, मल्हारगंजातली एक लांबट खोली.
रंध्याचं मशीन, गोल करवत,
आणि कोपऱ्यात धूळ ओढणारी कापडी पिशवी.
बटण दाबलं की सणाला आलेल्या जावयासारखी फुगायची,
बंद केलं की फुस्स.

मी समजत होतो, धूळ तिच्यात जाते.
जात होते ढलपे, छिलके, जाड भुसा,
जे झाडूनंही गेलं असतं.

सकाळी साडेनऊला पत्र्याच्या भोकातून
उन्हाची एक काठी आत येते.
त्या दिवशी करवत थांबून अर्धा तास झाला होता
तरी काठीत काहीतरी चालूच होतं,
बारीक, सावकाश,
कुठे जायची घाई नसलेलं.
भेरूलाल तिच्याखालीच बसून पोहे खात होता.
पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण,
जिरावणावर एमडीएफ.

अण्णा कापड गिरणीत होते.
गिरणी बंद पडली, खोकला पडला नाही.
म्हणायचे, कापूस दिसतो तोवर बाहेर आहे,
दिसेनासा झाला की समज, आत गेला.

सियागंजात दुकानदारानं विचारलं, किती मायक्रॉन?
म्हटलं, उन्हात दिसतं त्याहून बारीक.
हसला, पण हातातलं थान ठेवून दुसरं काढलं.

द्वारकाआत्यानं शिवली. दुहेरी शिवण,
सुईच्या प्रत्येक भोकावर मेण.
जुनीच्या तिप्पट लांब,
कारण कापड जितकं घट्ट
तितकी त्याला श्वासाला जागा जास्त लागते.
(हे मला दोन मोटारी जाळल्यावर कळलं.)
पिशवीच्या आधी तेलाचं पिंप:
हवा कडेनं शिरते, गरगरते,
जड ते खाली बसतं, हलकं पुढे जातं.

मग सलाइनची नळी.
अण्णांच्या शेवटच्या महिन्यातली, खणात होती,
का ठेवली होती कोण जाणे.
धुतली, नालेसारखी वाकवून फळीवर ठोकली,
गेरमधून उरलेला लाल रंग पाण्यात कालवून भरला.
एक टोक पिशवीच्या तोंडाशी, एक उघड्यावर.
पिशवी कोंदत जाते तसं
पाणी एका अंगाला चढतं.
दोन बोटं चढलं की मशीन बंद,
पिशवी झटकायची.

बस एवढंच.
एवढंच कुणी त्यांच्या छातीला लावलं असतं,
आणि चढलेलं पाणी बघून
कुणी मुकादम म्हणाला असता, थांबा.

आज काठी आली. रिकामी नाही,
सात-आठ कण होते, मी मोजायला लागलो
तर हलले आणि हिशोब चुकला.
भेरूलाल नाक चोळत बघत राहिला.
"काका, आज तो छींक नी आई."
मग उगाचच एक शिंकला.

नळीत पाणी दीड बोटावर.
शिसवाची फळी घेतली,
करवत सुरू केली.