किमान तापमान

पहाटे साडेपाचला, वसमत रोडच्या आमच्या गल्लीत
सगळ्यांत आधी माझी मारुती खोकते.
चोक दोन बोटं बाहेर,
खर्र… खर्र… ख…
आणि मग पातेल्यात चिंचोके टाकून कुणी हलवावेत
तसं कट् कट् कट् कट्.
समोरच्या ढगेकाकू डोक्यावरून शाल घेऊन फाटकाशी येतात,
"गाडीत सुपारी फोडायलाव का काय?"

मी वेधशाळेत निरीक्षक.
विद्यापीठाच्या गवतात एक पांढरी लाकडी पेटी आहे,
चार पायांवर उभी, अंगाला झडपाच झडपा.
तिच्यात काचेच्या नळीत
रात्र आडवी झोपलेली असते.
मी वाकतो, श्वास धरून
(माणसाच्या वाफेनंही आकडा बिघडतो),
आणि लिहितो, पाच पूर्णांक आठ.
मग दिवसभर फोन. पेपरवाले, शाळावाले,
सेलूचा एक केळीवाला,
"खरं सांगा सर, उद्या किती?"
उद्याचं मला माहीत नसतं.
मी झालेलं मोजतो.

दोन हिवाळे गेल्यावर लक्षात आलं,
गाडीला माझ्याआधी कळलेलं असतं.
बारा अंशांना ती गप्प.
नवाला सात-आठ टिचक्या.
सहाच्या खाली गेलं की मोजता मोजता
माझी बोटं संपतात.
वहीच्या समासात पेन्सिलीनं बारीक लिहू लागलो,
तेहेतीस. एकेचाळीस. परत एकेचाळीस.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, काही नाही, किराणा.

इलियासभाईंकडे नेली ती दुपारी,
तर उन्हात अशी साळसूद, की विचारू नका.
"कुठाय आवाज?"
मी तोंडानं काढून दाखवला.
दोन पोरं हसली, एकाच्या हातातला पाना पडला.
इलियासभाई हसले नाहीत.
"घट्ट येऊलालाय का पोकळ?"
मी परत काढून दाखवला. पोकळ.
"मंग सकाळी येतो घरी."

आले. माकडटोपी, तिच्यावर मफलर,
खिशात हातभर पेचकस.
डाव्या कानानं त्यांना येत नाही, उजव्यानं अर्धं.
पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले,
हातानं खूण केली, मारा सेल्फ.
खर्र… खर्र…
आज नाही आला तर?
इतक्या थंडीत माणूस उठून आलेला.
आला.
त्यांचा जबडा थरथरत होता,
थंडीनं की गाडीनं, सांगता येत नव्हतं.
ढगेकाकूंनी न विचारता
चहाचे दोन कप फाटकाच्या खांबावर ठेवले.

"रातच्याला तेल खाली बसतंय," ते म्हणाले,
"गारठ्यानं घट्ट होतंय. वर चढंपर्यंत
लोखंड कोरडंच चालतंय बघा.
पाय देऊ नका लगेच. मिनिटभर बसा नुसतं.
न्हाईतर टॅपेट बसवून देतो. एकदम गप्प."
मी बसवून घेतले.

आज पाच पूर्णांक चार.
गाडी पहिल्या सेल्फला लागली.
ढगेकाकू आल्या नाहीत.
तरी मी मिनिटभर बसलो, काचेवरची वाफ बाहीनं पुसत.
मोजायला काही नव्हतं.
पुढे पेटी, झडपा, वाकणं, श्वास धरणं.
आकडा रकान्यात लिहिला,
पेन्सिल समासावर टेकवली
आणि टिंब काढून उचलली.

सही करताना साहेब म्हणाले,
आज किराणा नाही का?