कानस

लोहाराकडची कानस वेगळी.
ही पाण्यातली. काळपट, जाड ओठांची,
डोळ्याभोवती तांबडी कड,
रात्रपाळीवरून परतल्यागत.

हरिपूरच्या संगमाखाली, जिथं वारणा कृष्णेत शिरते
आणि थोडं अंतर दोघी
न बोलणाऱ्या जावांसारख्या वेगवेगळ्या चालतात,
तिथं एक डोह आहे. खूण सांगणार नाही.
दस्तगीरमामूनं दाखवला तेव्हा शपथ घातली होती.
पंक्चरच्या दुकानातला माणूस,
टपातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघायची त्याला
चाळीस वर्षांची सवय.

मी तोलार. हळदीच्या पेठेत
एकतीस वर्षं पोती काट्यावर चढवली.
बोटांच्या रेघांत पिवळं असं बसलंय
की भावकीत लग्न नसलं तरी
मी आपला हळद लागलेलाच.
मामू म्हणतो, कानशीला तुझ्या हाताचा वास चालतो.
म्हणून पेंड मळायची माझ्याकडं:
शेंगदाण्याची पेंड, कणीक, नखभर हिंग.

गळ सोडायचा तळाला. अगदी तळाला.
मधल्या पाण्यात चिलापी असतात, आगाऊ,
उधारी मागायला आल्यासारख्या झोंबतात.
त्या पोरांनी धरायच्या.
आपल्याला ती हवी, जिला कुठं जायचं नाही.

मग बसायचं.
पलीकडच्या मळीत मोटर सुरू होते, लाईट जाते, बंद पडते.
तंगुसावर एक चतुर येऊन बसतो, तोही उठत नाही.
मोरपिसाचा देठ पाण्यात उभा,
मामूची विझलेली विडी ओठांत आडवी.

आणि बुडबुडे.
आधी एकच. चिखलाचा उसासा असेल.
मग मोहरीएवढे दहाबारा, एका रांगेत,
पुन्हा थोडं पुढं दहाबारा.
खाली कुणीतरी तोंड खुपसून
सावकाश, आपल्या आपल्यात, चाललंय.
मामू कुजबुजतो, "स्लो पंक्चर."

माझा बाप पेवात उतरायचा.
हळदीच्या पेवात, वीस फूट खाली.
आधी कंदील सोडायचे दोरीनं.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.
मला वाटायचं, तळाला कुणीतरी राहतं,
काळं, जाड ओठांचं,
आणि कंदील जवळ आला की फुंकर मारतं.
पुराचं पाणी शिरलं, ते पेव बुजवलं,
बापही गेला त्याआधी, घरात, खाटेवर, भरपूर हवेत.
आता मी दोरीनं काळोखात काहीतरी सोडतो
आणि वरून बघत बसतो.

हिचं खाणं उलटं. बाकीचे मासे देठ बुडवतात.
ही घास तळातून उचलते, शिसं हलकं होतं,
आणि देठ पाण्यावर
आडवा पडतो. बास.
कुणीतरी अंगाई न म्हणता निजल्यासारखा.

त्या क्षणी ओढायचं नसतं.
हे शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

ती उडी मारत नाही, पळत नाही,
जात्याची तळी ओढावी तशी येते,
गरगर, नाखुशीनं, अर्धा डोह घेऊन.
परवाच्या रविवारी आली. काठाशी, वीतभर पाण्यात,
तिनं तो तांबडा डोळा माझ्याकडं केला.
एकतीस वर्षं हातात धरल्याबरोबर वजन सांगतोय मी,
शंभर ग्रॅमचा फरक नाही.
मामूनं विचारलं, "किती?"
मी म्हणालो, "बघितलं नाही."

घरी शकू विचारते, एवढं बसून आणता काय, चिखलाचा वास?
येतो वास. चिंच घातली तरी राहतो.
मला जेवताना मध्येच थांबून
तोच शोधावासा वाटतो.

सोमवारी पेठेत भूपालअण्णा,
ज्यांनी जन्मात मासा ताटात घेतला नाही,
काट्याशेजारी उभे राहून हळूच विचारतात,
"काय, काल झालं का काही?"
झालं, अण्णा.
एकदा आडवा झाला.